फ्रान्समध्ये नागरिकत्व, स्वित्झर्लंडमध्ये काम: लोझानच्या एका रात्रीचं प्रकरण

१ जुलै २०२३, शनिवारची संध्याकाळ. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराच्या मध्यभागी शंभरेक पोरं जमली. सोशल मीडियावरून हाक गेली होती. थोड्याच वेळात दुकानांच्या काचांवर फरसबंदीचे दगड आदळायला लागले, एक पेटती बाटलीही भिरकावली गेली. पोलिसांनी सात जणांना धरलं. त्यातले सहा जण पंधरा ते सतरा वर्षांचे, म्हणजे अल्पवयीन. तीन मुली आणि तीन मुलगे. पोलिसांनी त्यांची राष्ट्रीयत्वंही जाहीर केली: पोर्तुगीज, सोमाली, बोस्नियन, जॉर्जियन, सर्बियन आणि स्विस. सातवा चोवीस वर्षांचा, तोही स्विस.

चार दिवस आधी, २७ जूनला, पॅरिसला लागून असलेल्या नांतेरमध्ये वाहतूक तपासणीच्या वेळी पोलिसाने झाडलेल्या गोळीने नाहेल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा ठार झाला होता. त्याची चित्रफीत काही तासांत सगळीकडे पोचली. पुढचा आठवडाभर फ्रान्स जळत होता. एकेका रात्री ४५,००० पोलीस रस्त्यावर उतरवावे लागले, तीन हजारांहून जास्त लोकांना अटक झाली, शाळा, ग्रंथालयं, ट्राम काही सुटलं नाही. विमा कंपन्यांकडे आलेले दावे ६५ कोटी युरोंच्या पुढे गेले.

लोझानही फ्रेंच बोलतं. तिथल्या पोरांच्या मोबाइलवर तीच चित्रफीत होती, तीच गाणी, तीच शिवराळ भाषा. त्यांच्यातल्या बहुतेकांची आडनावंही आईबापांबरोबर परदेशातून आलेली. मग फ्रान्समध्ये जे आठवडाभर चाललं ते इथे एका संध्याकाळीत का आटोपलं? या लेखापुरतं प्रकरण एवढंच.

सगळ्यात सोपं उत्तर, 'स्विस लोक श्रीमंत आहेत.' ते खोटं नाही, पण त्याने फार काही उलगडत नाही. फ्रान्सही काही गरीब देश नव्हे, आणि झोपडपट्टीतल्या माणसाला शेजारच्या गल्लीतल्या श्रीमंतीचा उपयोग होत नसतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. माझं म्हणणं वेगळं आहे. फ्रान्सने स्थलांतरितांच्या मुलांना नागरिकत्व दिलं आणि कामाच्या दाराशी ताटकळत ठेवलं. स्वित्झर्लंडने काम दिलं आणि नागरिकत्वाच्या दाराशी. दोन्हीकडे अन्याय आहे, पण सतराव्या वर्षी माणसाच्या दिवसाचं काय होतं, हे या दोन अन्यायांमध्ये अगदी वेगळं ठरतं.

ही माणसं एकसारखी नाहीत

तुलनेआधी एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर सगळाच हिशोब चुकतो. फ्रान्समधल्या स्थलांतरितांमध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया, माली, सेनेगल यांचा वाटा मोठा आहे, आणि हे सगळे देश कधीकाळी फ्रान्सच्या ताब्यात होते. अल्जीरियाला स्वातंत्र्य मिळालं ते आठ वर्षांच्या युद्धानंतर, १९६२ मध्ये. ते युद्ध चालू असताना अल्जीरियन मजूर नांतेरच्याच पत्र्यामातीच्या वस्त्यांमध्ये राहून पॅरिसची बांधकामं करत होते आणि पोलीस रात्री-बेरात्री त्या वस्त्यांवर धाडी घालत होते. १७ ऑक्टोबर १९६१ ला पॅरिसमध्ये अल्जीरियन निदर्शकांवर पोलिसांनी जे केलं, त्यात कित्येकांचे जीव गेले. म्हणजे नांतेरमधल्या पोराचं पोलिसांशी असलेलं नातं त्याच्या जन्माआधीच बिघडलेलं असतं.

स्वित्झर्लंडच्या ताब्यात असे परके देश कधी नव्हते. तिथे आधी इटालियन आले, मग स्पॅनिश, पोर्तुगीज, युगोस्लाव, तुर्क, श्रीलंकेतले तमिळ. यातले कित्येक 'हंगामी कामगार' या परवान्यावर आलेले: वर्षातले नऊ महिने काम, उरलेले तीन महिने देशाबाहेर, बायकापोरांना आणायची बंदी. ही पद्धत १९३४ पासून २००२ पर्यंत टिकली. ज्यांनी लपून मुलं आणली त्यांची मुलं दिवसभर खोलीत गप्प बसून राहायची, शाळेत जायची नाहीत, कुणी दार वाजवलं तर कपाटात शिरायची. त्यांना आज 'कपाटातली मुलं' म्हणतात. तेव्हा स्विस व्यवस्थेची बाजू घेताना जरा जपून.

त्याहून महत्त्वाची गोष्ट १९७४ नंतर घडली. तेलाच्या संकटाने दोन्ही देशांत कारखाने बसले. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा बेकारीचा विमा सक्तीचा नव्हता. काम गेलं की परवान्याचं नूतनीकरण नाही, आणि परवाना नाही म्हणजे गाडी पकडून गावी. दोन लाखांहून जास्त परदेशी कामगार असे निघून गेले आणि कागदावर बेकारी जवळपास शून्य राहिली. फ्रान्सने १९७४ मध्ये कामगारांची नवी भरती थांबवली, पण जे आले होते ते राहिले, मागून कुटुंबंही आली. मग मोटारींच्या कारखान्यांतली कामं आटत गेली आणि त्या कामांसाठी वसवलेल्या वसाहती तशाच उभ्या राहिल्या. स्विस यशाच्या गोष्टी सांगणारे हे प्रकरण सहसा वगळतात. अपयशी ठरू शकले असते त्यांना आधीच बाहेर काढलं, तर उरलेल्यांची सरासरी चांगली दिसणारच.

आकडेही फसवतात. फ्रान्समध्ये जनगणनेत वंश किंवा वर्ण विचारता येत नाही. घटना परिषदेने २००७ मध्ये तसं बजावलं. तिथली सांख्यिकी संस्था इन्से आईबापांच्या जन्मदेशावरून 'वंशज' मोजते. त्यामुळे दुसरी पिढी दिसते आणि तिसरी आकड्यांतून गायब होते. स्वित्झर्लंडमध्ये बराच काळ मोजणी पासपोर्टवर चालली. तिथे ज्याचं बस्तान बसतं तो नागरिक होतो आणि 'परकीय' या रकान्यातून निघून जातो. मागे राहतात ते तुलनेने गरीब. आज स्वित्झर्लंडच्या सुमारे नव्वद लाख लोकवस्तीत २७ टक्के परकीय नागरिक आहेत, आणि त्यातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला आहे! फ्रान्समध्ये स्थलांतरित १० टक्क्यांच्या थोडे वर, आणि जवळपास तितकेच त्यांच्या पोटी तिथे जन्मलेले.

दोन वसाहती

पॅरिसच्या पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर क्लिशी-सू-ब्वा नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर २००५ ला पोलिसांपासून पळताना दोन मुलं तिथल्या विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. एक सतरा वर्षांचा, एक पंधरा. त्यानंतर तीन आठवडे देशभर दंगली झाल्या आणि सरकारने अल्जीरियाच्या युद्धकाळातला, १९५५ चा आणीबाणी कायदा बाहेर काढला.

या गावातली शेन-प्वांत्यू ही वसाहत गरिबांसाठी बांधलेलीच नव्हती. १९६० च्या दशकात ती मध्यमवर्गाला विकलेल्या मालकीच्या फ्लॅटांची होती. शेजारून द्रुतगती मार्ग जाणार, पॅरिस हाकेच्या अंतरावर येणार, असा वायदा होता. मार्ग झालाच नाही. ज्यांना जमलं ते फ्लॅट विकून गेले, किमती पडल्या, आणि ज्यांना दुसरीकडे कुणी घर भाड्याने देत नव्हतं ते इथे आले. पुढचं आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला न सांगता कळेल: मेंटेनन्स थकला, थकबाकी वाढली, लिफ्ट बंद पडल्या त्या बंदच राहिल्या. दहा मजले चढून पाणी आणि किराणा न्यायचा. काही मालकांनी एकेका फ्लॅटमध्ये तीन-तीन कुटुंबं कोंबून भाडं उकळलं. फ्रेंचमध्ये अशा घरमालकांना 'झोपेचे व्यापारी' म्हणतात. शेवटी २०१५ मध्ये सरकारने ही वसाहत राष्ट्रीय महत्त्वाचं प्रकरण म्हणून हातात घेतली.

गावात रेल्वे स्टेशन नाही. ट्राम आली ती २०१९ च्या डिसेंबरात, म्हणजे दंगलींनंतर चौदा वर्षांनी. तोवर पॅरिसला जायला बस आणि मग गाडी, दीड तास सहज जायचा. सकाळी सहाच्या शिफ्टला हजर राहायचं असेल तर माणसाने निघायचं कधी? पोलीस ठाणं मात्र ट्रामच्या कितीतरी आधी, २०१० मध्येच आलं.

आता जिनिव्हाजवळचं ल लिन्यों. १९६० च्या दशकातलीच ही वसाहत, ऱ्होन नदीच्या वळणावर, जॉर्ज अदोर या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली बांधलेली. एकच इमारत, वळणावळणाने एक किलोमीटरहून लांब. शिवाय दोन उंच मनोरे. सहा हजारांहून जास्त माणसं आणि शंभराच्या आसपास राष्ट्रीयत्वं. नुसतं चित्र पाहिलं तर क्लिशीपेक्षा हीच जास्त भयंकर वाटेल. पण तिथे बांधतानाच शाळा, दुकानं, चर्च यांची जागा ठरली होती, शहराची बस दारात येते, स्वस्त भाड्याची घरं आणि बाजारभावाची घरं एकाच भिंतीला भिंत लावून आहेत. २००९ मध्ये तिला वारसा म्हणून संरक्षण मिळालं. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक भाड्यानेच राहतात, त्यामुळे भाडेकरू असणं म्हणजे हरलेलं असणं, असं तिथे कुणी समजत नाही.

सिमेंटच्या मोठ्या इमारतींमुळे दंगली होतात, असा समज फ्रान्समध्ये इतका रुजला की २००३ पासून अब्जावधी युरो इमारती पाडण्यात आणि रंगवण्यात गेले. ल लिन्यों बघितल्यावर हा पैसा नेमका कोणत्या दुखण्यावर खर्च झाला, असा प्रश्न पडतो. २०२३ च्या दंगली नव्याने रंगवलेल्या वस्त्यांमध्येही झाल्याच.

पंधराव्या वर्षी काय होतं

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं शिक्षण संपतं तेव्हा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. त्यानंतर साधारण दोन तृतीयांश मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळतात. आठवड्यातले तीन-चार दिवस एखाद्या कंपनीत, गॅरेजमध्ये, बँकेत किंवा बेकरीत काम. एक-दोन दिवस शाळेत. पगार मिळतो, थोडाच, पण दर महिन्याला. सुमारे अडीचशे व्यवसाय असे शिकता येतात. तीन-चार वर्षांनी संपूर्ण देशात चालणारं संघराज्याचं प्रमाणपत्र हातात पडतं. आपल्याकडे आयटीआय म्हटलं की 'दहावीला कमी पडले वाटतं' असं मनात येतं. तिथे याच वाटेने गेलेला माणूस पुढे बँकेचा प्रमुख झालेला आहे, केंद्रीय मंत्रीही झालेला आहे.

स्थलांतरितांच्या मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जो मुलगा शाळेत मागे पडला आहे (आणि स्विस शाळा अकराव्या-बाराव्या वर्षीच मुलांना वरच्या आणि खालच्या तुकड्यांत वाटून टाकतात, त्यामुळे तो बहुधा मागे पडलेलाच असतो) त्यालाही सोळाव्या वर्षी सकाळी उठून जायला एक जागा असते. तिथे मोठी माणसं असतात, त्यातली काही त्याच्यासारख्याच आडनावाची. कुणीतरी त्याला नावाने ओळखतं. पुढे नोकरी मागायला तो जातो तेव्हा त्याच्याकडे तीन वर्षांचा अनुभव असतो.

फ्रान्समध्ये तोच मुलगा पंधराव्या वर्षी व्यावसायिक लिसेमध्ये, म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळेत, ढकलला जातो. 'ढकलला' हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. सगळ्यांना बाकालोरेआ, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, हवी आणि ती न जमणाऱ्यांची बोळवण इथे होते, हे मुलांना, शिक्षकांना, आईबापांना, सगळ्यांना माहीत असतं. बराचसा अभ्यास वर्गातच. कारखान्यात जायचं ते काही आठवड्यांच्या स्टाजसाठी, म्हणजे उमेदवारीसाठी, आणि ती जागा ज्याची त्याने शोधायची. बापाची ओळख असेल तर मिळते. बाप क्लिशीत राहणारा सफाई कामगार असेल तर पोरगा चाळीस ठिकाणी अर्ज पाठवतो आणि वाट बघतो. फ्रान्समध्ये पंधरा ते चोवीस वयोगटातली बेकारी गेली काही वर्षं १७ टक्क्यांच्या वरच आहे, स्वित्झर्लंडमध्ये आठच्या. सरकारने 'प्राधान्याच्या वस्त्या' म्हणून नकाशावर आखलेल्या सुमारे दीड हजार भागांत पन्नास लाखांहून जास्त लोक राहतात; तिथे गरिबीचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर, देशाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट.

स्विस मालक मनाने मोठे आहेत म्हणून हे होतं, असं कुणी समजू नये. २००३ मध्ये नशातेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच दर्जाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. सगळे उमेदवार स्वित्झर्लंडमध्येच शिकलेले. जर्मन भाषिक भागात अल्बेनियन नावाच्या तरुणांना सुमारे ५९ टक्के वेळा डावललं गेलं, फ्रेंच भाषिक भागात २४ टक्के. पोर्तुगीज नावांना त्यामानाने फार थोडा त्रास. फ्रान्समध्ये २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अशाच मोठ्या चाचणीत मगरेबी, म्हणजे उत्तर आफ्रिकी, वाटणाऱ्या नावांना मालकांकडून प्रतिसाद सुमारे ३० टक्के कमी मिळाला. म्हणजे भेदभाव स्वित्झर्लंडमध्ये कमी आहे असं म्हणायला जागा नाही. फरक एवढाच, की तिथे दारं संख्येने जास्त आहेत आणि लवकर उघडतात. चार ठिकाणी नकार आला तरी पाचवं उरतं. ज्या अर्थव्यवस्थेला सुतार, प्लंबर आणि परिचारिका सतत कमी पडतात, तिथे पूर्वग्रह परवडत नाही.

पोर्तुगीजांचं उदाहरण इथे कामाला येतं, कारण ते दोन्ही देशांत भरपूर आहेत. फ्रान्समध्ये पोर्तुगीजांच्या मुलांची बेकारी इतर फ्रेंचांच्या जवळपास आहे, उत्तर आफ्रिकी वंशजांची साधारण दुप्पट. शाळा तीच, देश तोच. तेव्हा प्रशिक्षणाची व्यवस्था एवढंच कारण धरलं तर हे कोडं सुटत नाही. रंग, नाव, धर्म आणि राहण्याचा पत्ता यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. पोलिसांबाबत तर नक्कीच: फ्रान्सच्या नागरी हक्क रक्षक संस्थेच्या २०१७ च्या पाहणीनुसार अरब किंवा कृष्णवर्णीय दिसणाऱ्या तरुण मुलांना ओळखपत्र तपासणीसाठी थांबवलं जाण्याची शक्यता इतरांच्या वीसपट होती.

दुसरं दार

स्वित्झर्लंडमध्ये जन्माला आलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही. दहा वर्षांचं वास्तव्य, कायम परवाना, आणि मग संघराज्य, प्रांत, गाव अशा तिन्ही पातळ्यांवर होकार. ल्युत्सर्नजवळच्या एमेन गावाने मार्च २००० मध्ये अर्जदारांवर सरळ गुप्त मतदान घेतलं. लोकांना छायाचित्रांसह माहितीची पुस्तिका घरपोच आली. इटालियन कुटुंबं पास झाली. युगोस्लावियातून आलेली सगळी नापास. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला.

गेल्या दशकातलं आरगाऊ प्रांतातल्या बुख्स गावचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. तुर्की आईबापांची, तिथेच जन्मलेली पंचविशीतली मुलगी. व्यवसाय शिक्षण घेऊन बांधकामाचे नकाशे काढायचं काम करत होती. लेखी परीक्षेत पूर्ण गुण. तोंडी परीक्षेत कचऱ्याची विल्हेवाट, खरेदी कुठे करते, स्विस खेळ कोणते, असे प्रश्न झाले आणि २०१७ मध्ये गावाने तिला नाकारलं. पुढे अपिलात निर्णय फिरला. तिच्या नकाशांवर गावाचे रस्ते झाले तर चालतील, तिचं मत मात्र नको! त्याच वर्षी जनमतात ६०.४ टक्के लोकांनी तिसऱ्या पिढीसाठी नियम सोपे करायला होकार दिला. तिसऱ्या, म्हणजे ज्यांचे आजी-आजोबा तिथे आले त्यांच्यासाठी.

गरिबीवरही याची सावली आहे. २०१९ पासून सरकारी मदतीवर अवलंबून राहिलं तर कायम परवानासुद्धा खालच्या दर्जाचा होऊ शकतो. तेव्हा अडचणीतली परदेशी बाई मदत मागायलाच जात नाही. फ्रान्समध्ये गरिबी नकाशावर रंगवून दाखवतात, स्वित्झर्लंडमध्ये ती आपणहून लपते. दोन देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवताना हे लक्षात ठेवायला हवं.

आणि लोझान शांतच राहिलं, असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पोलिसांपासून पळताना स्कूटरवरचा सतरा वर्षांचा मुलगा मेला आणि शहराच्या प्रेला भागात दोन रात्री जाळपोळ झाली. त्याच दिवसांत लोझान पोलिसांमधल्या काहींचे वंशद्वेषी चॅट ग्रुप बाहेर आले, काही जण निलंबित झाले. यावेळी चित्रफीत नांतेरची नव्हती. लायकीचं काम मिळालं म्हणून पोलिसांकडून होणारा अपमान कुणी विसरत नाही. कामामुळे फरक पडला तो आग किती दिवस आणि किती गावांत पसरते याला. ती लागतच नाही असं नाही.

फ्रान्सने स्विस धडा गिरवायचा प्रयत्न केला आहे. २०१८ च्या कायद्यानंतर आणि कोव्हिडकाळातल्या घसघशीत अनुदानानंतर प्रशिक्षणार्थींचे नवे करार वर्षाला सुमारे तीन लाखांवरून आठ लाखांपलीकडे गेले. कागदावर मोठं यश. पण वाढ झाली ती बहुतांशी बाकालोरेआच्या पुढच्या शिक्षणात, म्हणजे व्यवस्थापन, विक्री आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या, एरवीही नोकरी मिळालीच असती अशा विद्यार्थ्यांमध्ये. पंधराव्या वर्षी गॅरेजमध्ये जागा शोधणाऱ्या क्लिशीच्या मुलाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं, आणि २०२५ पासून ते अनुदानही कमी होऊ लागलं आहे.